पुण्यात पहिल्यांदा प्रोग्रॅमिंग मीटअपला जाताय? विद्यार्थ्यांसाठी सगळी माहिती

पुण्यात बहुतेक शनिवारी कुठे ना कुठे प्रोग्रॅमर मंडळी जमलेली असतात. कधी खराडीतल्या एखाद्या कंपनीच्या मोठ्या मीटिंग रूममध्ये, कधी बाणेरच्या को-वर्किंगमध्ये, कधी कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये. दोन-तीन जण स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलतात, बाकीचे ऐकतात, प्रश्न विचारतात, मग चहा आणि गप्पा. सहसा तिकीट नसतं. इंजिनिअरिंग, बीसीए, एमसीए, डिप्लोमा, कुठल्याही विद्यार्थ्याला जाता येतं. तरीही कितीतरी मुलं पूर्ण शिक्षण पुण्यात करतात आणि एकदाही जात नाहीत. काहींना असं काही असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. काहींना वाटतं, आधी नीट शिकू, मग जाऊ. ते "मग" बहुधा प्लेसमेंटपर्यंत येतच नाही.

मी लातूरहून पुण्यात शिकायला आले आणि कॉलेजात असतानाच मीटअपला जायला लागले. आता नोकरी करते आणि जमेल त्या शनिवारी आयोजकांना हातभार लावते. नोंदणीच्या टेबलावर बसलं की नव्याने आलेल्यांचे प्रश्न दर वेळी तेच असतात. ते घरूनच सुटावेत म्हणून हे क्रमाने लिहितेय. उदाहरणं पुण्याची आहेत, पण मुंबई, नाशिक, नागपूरलाही पद्धत साधारण हीच.

## १. आधी ग्रुप निवडा, कार्यक्रम नंतर

पहिली चूक इथेच होते. जो कार्यक्रम समोर दिसेल त्याला नाव नोंदवायचं, आज ब्लॉकचेन, पुढच्या आठवड्यात क्लाउड, त्यानंतर एआय. सगळीकडे अनोळखी चेहरे आणि डोक्यात काहीच टिकत नाही. त्यापेक्षा तुम्ही आत्ता ज्या भाषेत कोड लिहिता तिचा ग्रुप शोधा आणि तोच धरून ठेवा. मीटअपचा खरा फायदा तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू होतो, लोक तुम्हाला चेहऱ्याने ओळखायला लागले की. दरवेळी नवा ग्रुप घेतलात तर तुमची कायम पहिलीच वेळ राहते.

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. पायथनवाल्यांसाठी 'पायथन पुणे' आहे. गुगलच्या तंत्रज्ञानांभोवती 'जीडीजी पुणे' चालतो आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत त्यांचा डेव्हफेस्ट हा मोठा कार्यक्रम असतो. मुक्त (ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरमध्ये रस असेल तर 'फॉस युनायटेड'चे पुण्यातले मेळावे बघा. लिनक्सवाल्यांचा 'पुणे लिनक्स युजर्स ग्रुप', ज्याला सगळे 'प्लग' म्हणतात, तो तर या सगळ्यांहून जुना. शिवाय जावास्क्रिप्ट, डेटाबेस, डेव्हऑप्स, सिक्युरिटी असे विषयवार ग्रुप येत-जात असतात.

शोधायचं कुठे? मीटअप डॉट कॉम ही साइट २००२ पासून चालू आहे आणि अजूनही अनेक ग्रुप तिथेच आहेत. अलीकडे लुमा आणि कॉन्फहब यांवरही कार्यक्रम लागतात. फॉस युनायटेडची स्वतःची साइट आहे. ग्रुप सापडला की त्यांच्या टेलिग्राम, डिस्कॉर्ड किंवा व्हॉट्सअॅपवरही जा, कारण हॉल बदलल्याचा निरोप सगळ्यात आधी तिथे पडतो.

इथे सावध राहा. "मीटअप", "मास्टरक्लास", "फ्री वर्कशॉप" अशा नावाखाली कोर्स विकणारेही असतात. ओळखायला सोपं आहे. ग्रुपच्या पानावर मागचे कार्यक्रम बघा. प्रत्येक वेळी वक्ता वेगळा, विषय नेमका आणि जागा वेगवेगळ्या कंपन्यांची असेल तर ग्रुप खरा. प्रत्येक वेळी एकच वक्ता, विषय "सहा महिन्यांत बारा लाखांचं पॅकेज" आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये पालकांचा फोन नंबर मागितलेला असेल तर तिकडे फिरकू नका. मोठ्या परिषदांना तिकीट असतं आणि ते रास्त आहे. पण दर महिन्याच्या मीटअपला कुणी "सीट राखायला" पैसे मागत असेल तर दोनदा विचार करा.

## २. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर असेल तसंच

कार्यक्रम कंपनीत असेल तर आयोजक आदल्या एक-दोन दिवशी नावांची यादी कंपनीच्या सिक्युरिटीला देतात. गेटवरचा माणूस त्या यादीत तुमचं नाव शोधतो आणि ओळखपत्राशी ताडून बघतो. प्रोफाइलवर "कोडनिंजा" किंवा नुसतं "एस." लिहिलेलं असेल तर त्याला ते सापडणार कसं? आधारवर जसं पूर्ण नाव आहे तसंच टाका.

कार्यक्रमाचं पान शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा मीटअपच्या साइटवर "येतोय" दाबणं पुरेसं नसतं, खाली आणखी एक गुगल फॉर्म असतो आणि खरी यादी त्यावरून निघते. हा फॉर्म राहून गेल्यामुळे गेटवरून परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत, हिंजवडीपर्यंत दोन बस बदलून आलेली.

काही फॉर्मवर "तुम्हाला का यायचं आहे?" असा प्रश्न असतो. तिथे "टू एन्हान्स माय स्किल्स" लिहू नका. त्यापेक्षा "दुसऱ्या वर्षाला आहे, फ्लास्कमध्ये छोटा प्रोजेक्ट करतोय, एपीआयवरचं दुसरं व्याख्यान त्यासाठी ऐकायचं आहे" एवढं साधं लिहा. निवड करणारा माणूस अशा उत्तराजवळ थांबतो.

जागा भरल्या असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घाला. विनामूल्य कार्यक्रमांना नाव नोंदवून न येणारे बरेच असतात, त्यामुळे शुक्रवारी रात्रीपर्यंत यादी सरकत राहते. आणि तुमचं यायचं रद्द झालं तर नाव काढून टाका. त्या खुर्चीत प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी बसू शकतं, आणि माणसं मोजून मागवलेलं खाणंही वाया जात नाही. नाव नोंदवून सतत गैरहजर राहणाऱ्यांना काही ग्रुप पुढच्या वेळी मागे ठेवतात.

## ३. आदल्या रात्री अर्धा तास

विषय पूर्ण समजून जायची गरज नाही. शब्द कानावरून गेलेले असावेत, इतकंच. एक नमुना देते.

समजा व्याख्यान पायथनच्या असिंकआयओवर आहे, म्हणजे एक काम थांबलेलं असताना दुसरं चालू ठेवणाऱ्या मॉड्यूलवर. अधिकृत डॉक्युमेंटेशनचं पहिलं पान वाचा. हे मॉड्यूल पायथन ३.४ मध्ये, म्हणजे २०१४ साली आलं आणि 'असिंक-अवेट' ही लिहिण्याची पद्धत पुढच्या वर्षी ३.५ मध्ये आली. एवढं कळलं तरी वक्ता "जुनी पद्धत" म्हणतो तेव्हा तुम्ही चाचपडत नाही. मग दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा: दोन असिंक फंक्शन, दोन्ही ५ सेकंद थांबणारी, दोन्ही 'गॅदर'ने एकत्र चालवायची. एकदा थांबण्यासाठी नेहमीचं 'टाइम' मॉड्यूलमधलं 'स्लीप' वापरा, एकदा असिंकआयओचं. पहिल्या वेळी एकूण १० सेकंद लागतील, दुसऱ्या वेळी ५.

असं का झालं, हा विचार मनात घेऊन हॉलमध्ये बसा. व्याख्यानात उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर तुमच्याकडे विचारण्यासारखा प्रश्न तयार आहे: "रिक्वेस्ट्स लायब्ररीने कॉल केला तर तोही असाच सगळ्यांना अडवून धरतो का?" तिथे बसलेल्या अनुभवी माणसालाही हा प्रश्न आवडेल, कारण त्याने कामात ही अडचण सोसलेली असते.

## ४. सोबत काय घ्यायचं

- सरकारी ओळखपत्र, मूळ. आधार, पॅन, लायसन्स यांपैकी एक. काही ठिकाणी मोबाइलवरचं चालतं, काही ठिकाणी नाही. प्रत मागितली तर मास्क केलेलं आधार द्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.
- कॉलेजचं ओळखपत्र. विद्यार्थी म्हणून नोंदणी केली असेल तर दाखवावं लागू शकतं.
- नोंदणीचा ईमेल किंवा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट काढून. बेसमेंटमधल्या पार्किंगला नेटवर्क मिळत नाही.
- वही आणि पेन.
- पाण्याची बाटली.
- लॅपटॉप, पण कार्यशाळा असेल तरच. नुसती व्याख्यानं असतील तर ओझं कशाला?

लॅपटॉप नेणार असाल तर दोन गोष्टी. बऱ्याच कंपन्यांच्या गेटवर त्याचा मेक आणि सीरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहून घेतात आणि बाहेर पडताना तपासतात. नंबर लॅपटॉपच्या खालच्या बाजूला असतो, स्टिकर झिजला असेल तर घरीच बघून फोनमध्ये टिपून ठेवा, नाहीतर मागे रांग खोळंबते. पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क घरीच ठेवा, अनेक ठिकाणी आत सोडत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्यशाळेला लागणारं सगळं घरच्या नेटवर इन्स्टॉल करून जा. पाहुण्यांच्या वाय-फायवर पन्नास जण एकाच वेळी डॉकरची इमेज (तयार प्रोग्रॅमची मोठी फाइल) उतरवायला लागले की पहिला तास त्यातच संपतो. कंपनीच्या फायरवॉलने काही साइट अडवलेल्या असतात, ते वेगळंच. कार्यक्रमाच्या पानावर "प्रीरिक्विझिट्स" (आधी करायची तयारी) असा भाग असेल तर त्यातली प्रत्येक कमांड आदल्या दिवशी चालवून बघा. अडलात तर ग्रुपवर त्याच रात्री विचारा, कुणीतरी सांगतंच.

रेझ्युमेच्या प्रती नेऊ नका. का ते पुढे येईल.

## ५. पोचायचं कसं

नकाशात कंपनीचं नाव टाकून निघू नका. मोठ्या कंपन्यांची पुण्यात तीन-चार ऑफिसं असतात आणि नाव सगळ्यांचं एकच. आयोजकांनी दिलेली लिंकच उघडा आणि त्यात टॉवर, विंग आणि मजला आहे का बघा. आयटी पार्कमध्ये शनिवारी बहुधा एकच गेट उघडं असतं. कोणतं, ते ग्रुपवर विचारून घ्या.

मेट्रोने आता बरंच सोपं झालंय. स्वारगेट ते पिंपरी-चिंचवड आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर एकमेकींना मिळतात. येरवडा, कल्याणीनगर, विमाननगरच्या बाजूचे कार्यक्रम रामवाडीच्या मार्गिकेने गाठता येतात. खराडीसाठी रामवाडीला उतरून नगर रोडची बस किंवा रिक्षा. बाणेर, बालेवाडी, मगरपट्टा यांसाठी पीएमपीची बस बघा. आणि हिंजवडी म्हटलं की कुठला फेज ते आधी विचारा. फेज एक आणि फेज तीन यांत चालत जाण्याइतकं अंतर नाही, चुकीच्या फेजला उतरलात तर पहिलं व्याख्यान गेलंच.

बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सातारा-कोल्हापूरकडच्या गाड्या स्वारगेटला येतात आणि तिथेच मेट्रो आहे. नाशिक, संभाजीनगरकडच्या वाकडेवाडीला थांबतात.

दिलेल्या वेळेच्या २० मिनिटं आधी गेटवर पोचा. सिक्युरिटी, रजिस्टर, पास, लिफ्ट यातच पंधरा मिनिटं जातात. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा आणि त्या वेळेला निर्धास्तपणे उठून जा. शेवटच्या व्याख्यानातून कुणी लवकर निघालं तर कोणालाही राग येत नाही.

## ६. आत गेल्यावर

टेबलावर नावाचं स्टिकर मिळतं. त्यावर नाव मोठ्या अक्षरांत लिहा आणि खाली काय शिकताय ते: "पायथन, जँगो, दुसरं वर्ष". बोलणं सुरू करायला समोरच्याला एवढा धागा पुरतो.

मित्रमैत्रिणींसोबत आला असाल तर हॉलमध्ये वेगवेगळे बसा. हे ऐकायला नको वाटतं, पण सहा जणांचा कॉलेजचा घोळका शेवटच्या रांगेत बसला की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकांशीच बोलतो आणि जसा आला तसा परत जातो. येताना-जाताना एकत्र राहा, आत पांगा. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची सोडून बसा.

काही ग्रुप सुरुवातीला सगळ्यांना स्वतःची ओळख करून द्यायला सांगतात. माइक फिरत फिरत आपल्याकडे येतो तशी छाती धडधडते. आधीच दोन वाक्यं ठरवून ठेवा. "मी स्टुडंट आहे, बिगिनर आहे, शिकायला आलोय" असं पाठोपाठ वीस जण म्हणतात आणि त्यातलं कुणीच लक्षात राहत नाही. हे म्हणून बघा: "मी अमुक, सेकंड इयर कॉम्प्युटर. आमच्या मेसचा हिशोब ठेवणारं छोटं अॅप फ्लास्कमध्ये लिहितोय, आणि एकाच वेळी दोघांनी एंट्री केली की डेटाबेस लॉक होतो, तिथे अडलोय." चहाच्या वेळी कुणीतरी स्वतःहून जवळ येऊन विचारेल, "एसक्यूलाइट वापरतोयस का?" (एसक्यूलाइट म्हणजे एकाच फाइलमध्ये चालणारा छोटा डेटाबेस.) हे असं घडताना मी वारंवार पाहिलंय. अडचण नेमकी सांगितली की माणसं आपोआप मदतीला येतात, आपला स्वभावच तसा आहे.

मुलींसाठी थोडं वेगळं. हॉलमध्ये मुली कमीच असतात, कधी कधी फारच कमी. पहिल्या वेळी मैत्रिणीला सोबत घ्या किंवा ग्रुपवर विचारा, "उद्या कुणी मुली येताहेत का?" उत्तर नक्की येतं. 'पायलेडीज'सारख्या खास महिलांच्या ग्रुपचे कार्यक्रम लागले तर तिथून सुरुवात करणंही छान. बहुतेक चांगल्या ग्रुपची आचारसंहिता असते, ती पानावर वाचून ठेवा. कुणी नंबरासाठी मागे लागलं, नको ते बोललं, तर नोंदणीच्या टेबलावर येऊन सांगा. "एवढ्यासाठी काय सांगायचं" असं मनात आणू नका, आम्ही तिथे त्यासाठीही बसलेलो असतो.

## ७. प्रश्न विचारा, मराठीत विचारलात तरी चालेल

व्याख्यानं बहुधा इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांचं गाडं इथेच अडतं. प्रश्न असतो, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत माइक पुढे गेलेला असतो. मनापासून सांगते, पुण्यातल्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना मराठी कळतं आणि हिंदी तर सगळ्यांनाच. "मी मराठीत विचारतो" म्हणून सरळ विचारा. वक्त्याला कळत नसेल तर शेजारचं कुणीतरी सांगतं. तांत्रिक शब्द तसेही इंग्रजीच असतात, "हा एक्सेप्शन कॅच केला नाही तर लूप थांबतो का?" हे वाक्य कुणाला कळणार नाही?

प्रश्न छोटा ठेवा आणि एकच ठेवा. आधी स्वतःच्या प्रोजेक्टचा इतिहास सांगत बसू नका. आणि व्याख्यानातलं काही अजिबात कळलं नसेल तर "स्लाइड नंबर अमुकवर तुम्ही जे म्हणालात ते परत सांगाल का?" हाही चांगला प्रश्न आहे. तो विचारल्यावर आजूबाजूच्या माना कशा हलतात ते बघा, त्यांनाही तेच हवं असतं.

न कळण्याबद्दल आणखी एक. पहिल्या मीटअपमध्ये तीनपैकी एक व्याख्यान डोक्यावरून जाणारच. त्यातले न कळलेले शब्द फक्त वहीत लिहा. चार शब्द लिहिलेत तरी पुढच्या आठवड्याचा अभ्यास हाती लागला.

## ८. चहाची सुट्टी सोडू नका

व्याख्यानं नंतर यूट्यूबवरही सापडू शकतात. चहाच्या सुट्टीतली माणसं सापडत नाहीत. आणि नेमकी याच वेळी विद्यार्थी मंडळी फोन काढून कोपऱ्यात उभी राहतात.

तीन-चार जण बोलत उभे असतील तर कप घेऊन शेजारी उभं राहा आणि ऐका. आगाऊपणा वाटेल अशी भीती बाळगू नका, मीटअपला ही रीत आहे. कुणीतरी तुमच्याकडे वळून विचारेल, "तू काय करतोस?" स्वतःची ओळख करून द्यायला ठरवलेलं वाक्य तेव्हा कामी येतं. स्वतःहून सुरुवात करायची तर हे प्रश्न उपयोगी पडतात: "तुमच्या कामात पायथन नेमकं कशासाठी वापरता?", "कॉलेजात असताना कुठली गोष्ट शिकायला हवी होती असं आता वाटतं?", "तुमच्या टीममध्ये नवीन आलेल्याला पहिलं काम काय देता?" तिसरा प्रश्न माझा सगळ्यात आवडता. त्याच्या उत्तरात बहुतेक वेळा टेस्ट लिहिणं, लॉग वाचणं, दुसऱ्याच्या कोडमधला छोटा बग शोधणं असं काहीतरी येतं, आणि कॉलेजच्या सिलॅबसमध्ये नेमकं तेच नसतं.

हाक कशी मारायची हाही मुलांना पडणारा प्रश्न. मीटअपला सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, वीस वर्षं अनुभव असलेल्यालाही. तुम्हाला जड जात असेल तर नाव घ्या आणि "तुम्ही" म्हणा, छान वाटतं. "सर" म्हटलंत तरी कुणी रागावत नाही, पण दर वाक्याला "सर, सर" केलं की गप्पांची मुलाखत होते.

सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. ओळख झाल्या झाल्या "तुमच्या कंपनीत इंटर्नशिप आहे का?", "रेफरल द्याल का?" असं विचारू नका. समोरच्याला तुमचं काम माहीत नाही, तो कशाच्या जोरावर शब्द टाकणार? नकार देणंही त्याला अवघड होतं आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला टाळतो. तोच माणूस दोन-तीन महिने तुम्हाला येताना, प्रश्न विचारताना, काहीतरी करून दाखवताना बघतो, तेव्हा जागा निघाली की स्वतःहून सांगतो. रेझ्युमे नेऊ नका म्हटलं ते याचसाठी. गिटहबवर (कोड ठेवण्याची साइट) दोन प्रामाणिक प्रोजेक्ट आणि नीट लिहिलेली रीडमी फाइल (प्रोजेक्टची माहिती) असेल तर लिंक पाठवायला पुरे.

टी-शर्ट आणि स्टिकर असतील तर आनंदाने घ्या, एकेक घ्या. प्रमाणपत्र मागू नका, मीटअपला ते सहसा नसतं. कॉलेजला हजेरीसाठी काही हवं असेल तर आयोजकांना आधीच ईमेल करून विचारा, त्या दिवशी टेबलावर नको.

## ९. त्याच संध्याकाळी

वहीतले शब्द शोधा. वक्त्याचा कोड गिटहबवर असेल तर उतरवून चालवा. तो चालला नाही, आणि पहिल्या झटक्यात बऱ्याचदा चालत नाही, तर कारण शोधा. रीडमीमध्ये एखादी पायरी सुटली असेल तर ती जोडून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारायची विनंती) पाठवा. तुमच्या आयुष्यातलं पहिलं ओपन सोर्स योगदान असं एका ओळीचं असू शकतं आणि वक्त्याला तुमचं नाव पक्कं लक्षात राहतं.

ज्यांच्याशी बोललात त्यांना लिंक्डइनवर दोन ओळी लिहा, कोरी रिक्वेस्ट टाकू नका. उदाहरणार्थ:

"नमस्कार, शनिवारी चहाच्या वेळी एसक्यूलाइटच्या लॉकबद्दल बोललो होतो, मेसच्या अॅपवाला. तुम्ही सांगितलेला वॉल मोड चालू केला, आता एंट्री फारशा अडकत नाहीत. धन्यवाद. पुढच्या मीटअपला भेटू."

(वॉल मोड म्हणजे वाचणं आणि लिहिणं एकमेकांना अडवणार नाही अशी एसक्यूलाइटची सेटिंग.) यात काहीही मागितलेलं नाही, आणि सांगितलेलं करून बघितलं हे कळवलंय. उत्तर चार दिवसांनी आलं किंवा आलंच नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वेळी समोर भेटल्यावर ते तुम्हाला ओळखतील.

## १०. दुसऱ्या वेळेपासून पुढे

दुसरी वेळ पहिलीपेक्षा कितीतरी सोपी जाते. तेव्हाच आयोजकांना विचारा, "काही मदत हवी आहे का?" खुर्च्या लावणं, नोंदणी बघणं, माइक फिरवणं, फोटो काढणं, कामं खूप असतात आणि हात नेहमी कमी. माइक फिरवायचं काम मिळालं तर लगेच घ्या. हॉलमधला प्रत्येक प्रश्न विचारणारा माणूस तुम्हाला त्यामुळे जवळून बघायला मिळतो.

मग लायटनिंग टॉक. हे पाच मिनिटांचं छोटं बोलणं असतं, बहुधा शेवटी, आणि बरेच ग्रुप त्यासाठी त्याच दिवशी नावं घेतात. विषय मोठा नको. "माझा डेटाबेस का लॉक होत होता आणि मी तो कसा सोडवला" हा उत्तम विषय आहे. चार स्लाइड करा: अडचण काय होती, काय काय करून पाहिलं, कशाने सुटली, अजून काय कळलेलं नाही. चौथी स्लाइड वगळू नका. तिच्यावरूनच हॉलमधली जाणती माणसं बोलायला लागतात.

त्यापुढे वाट मोठी आहे. पायकॉन इंडिया ही पायथनची देशपातळीवरची परिषद २००९ साली बंगळुरूला सुरू झाली, २०११ साली ती पुण्यात भरली होती, आणि ती स्वयंसेवकच चालवतात, तुम्हाला शनिवारी चहा देताना भेटतात तसलेच. गुगल समर ऑफ कोड, म्हणजे मेंटॉरच्या मदतीने ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचा गुगलचा उपक्रम, २००५ पासून चालू आहे. पूर्वी ते फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, २०२२ पासून ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या इतरांनाही खुलं झालं. अर्ज कसा लिहायचा, प्रोजेक्टच्या मेंटॉरशी कसं बोलायचं, हे त्यातून गेलेल्या माणसाकडून ऐकण्यासारखं दुसरं काही नाही, आणि पुण्यातल्या मीटअपला अशी माणसं भेटतात.

तुमचं गाव पुण्यापासून लांब असेल तर ऑनलाइन होणारे कार्यक्रम धरा आणि वर्षातून एक-दोन मोठ्या कार्यक्रमांना या. किंवा कॉलेजच्या लॅबमध्येच महिन्यातून एक दिवस ठरवा, पाच जण जमा, एकाने वीस मिनिटं बोलायचं. पुण्यातल्या ग्रुपना लिहिलंत तर ऑनलाइन बोलायला वक्ता मिळू शकतो, विचारायला काही लागत नाही.

आणि लायटनिंग टॉकसाठी नाव देणार असाल तर आदल्या दिवशी आपल्या लॅपटॉपला एचडीएमआयचं पोर्ट आहे का बघा. नसेल तर कन्व्हर्टर मागून घ्या आणि स्लाइडची पीडीएफ स्वतःला ईमेल करून ठेवा, म्हणजे कुणाच्याही लॅपटॉपवरून बोलता येईल.